सेलायनातलं नवं कोरं घर: दीड वर्षानंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये किल्ली हातात आली. गाव सेलायना (Celina), डॅलसच्या उत्तरेला, कॉलिन काउंटी, टेक्सस. (स्पेलिंग बघून मी पहिले सहा महिने ‘सेलिना’ म्हणायचो. इथे तसं म्हटलं की माणूस नवा आहे हे लगेच कळतं.) आम्ही आलो त्याच वर्षी जनगणना खात्याचे आकडे आले होते: वीस हजारांवर वस्ती असलेल्या शहरांत अमेरिकेत सगळ्यात झपाट्याने वाढलेलं हेच, एका वर्षात २६.६ टक्के. पुढच्या वर्षी तो मान याच काउंटीतल्या प्रिन्स्टनने पटकावला. म्हणजे आम्ही काही फार दूरदृष्टीने आलो नव्हतो. प्लेनोत परवडेना, फ्रिस्कोत परवडेना, म्हणून टोलवे धरून उत्तरेला सरकत गेलो आणि बजेट जुळलं तिथे थांबलो.

घर कसं आहे? चांगलं आहे. चार बेडरूम, भरपूर उजेड, स्वयंपाकघर आमच्या फोडणीला पुरेल एवढं हवेशीर. पूर्वमुखी आहे, त्याचा वेगळा लॉट प्रीमियम (प्लॉटचे जादा पैसे) मोजला. आमच्या रांगेतले पूर्वमुखी प्लॉट सगळ्यात आधी संपले, सेल्स ऑफिसमधल्या बाईंना ‘वास्तू’ हा शब्द तोंडपाठ होता. बिल्डरच्या डिझाइन सेंटरमध्ये (घराच्या आतलं सामान निवडतात तिथे) मात्र हात आखडता घ्या. दिवे, पंखे, नळ नंतर बाहेरून निम्म्या पैशांत होतात. भिंतीच्या आतलं आणि फरशीखालचं तेवढं तिथे घ्या.

ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) लागायच्या आधी स्वतःच्या खर्चाने इन्स्पेक्टर नेला. बिल्डरचा सुपरवायझर म्हणाला, सिटीचं इन्स्पेक्शन होतंच की. होतं, पण आमच्या माणसाने दोन तासांत एक स्टड (भिंतीतला लाकडी खांब) पाइपसाठी अर्ध्याहून जास्त कापलेला दाखवला आणि माळ्यावरचा एसीचा डक्ट दोन लाकडांमध्ये चेपलेला. दोन्ही दुरुस्त केल्याचं ईमेल आलं. डक्टचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

एवढी सगळी तपासणी आम्ही घराची केली. घर ज्याच्यावर उभं आहे त्याच्याकडे बघितलंच नाही, आणि दीड वर्षात जो काही मनस्ताप झाला तो सगळा तिथून आला.

आधी टॅक्स. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून सगळे खूश असतात, ती कसर प्रॉपर्टी टॅक्स भरून काढतो. नियम असा की १ जानेवारीला प्लॉटवर जे उभं असेल त्याची किंमत त्या वर्षासाठी धरतात. १ जानेवारी २०२४ ला आमच्या प्लॉटवर गवत होतं. त्या वर्षाचं बिल नुसत्या जमिनीचं, अडीच हजार डॉलर. लेंडरने तोच आकडा धरून एस्क्रो (टॅक्ससाठी हप्त्यातूनच दरमहा साठवायचे पैसे) बसवला आणि हप्ता बघून आम्ही पेढे वाटले. २०२५ चं बिल पूर्ण घराचं आलं: होमस्टेडची (स्वतः राहतो त्या घराला मिळणारी) सूट धरूनही नऊ हजारांच्या वर. एस्क्रोत पडलेला खड्डा बारा महिन्यांत भरायचा आणि पुढच्या बिलासाठी नव्या दराने साठवायचं, त्यामुळे हप्ता एकदम अकराशे डॉलरने चढला. यात कुणी फसवलं नाही. घराची किंमत गुणिले सगळे दर मिळून दोन टक्क्यांच्या आसपास, हा हिशेब शाळकरी पोरानेही केला असता. आम्ही केला नाही. तुम्ही करा आणि वरचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाका. होमस्टेडचा अर्ज लगेच द्या: शाळेच्या टॅक्ससाठीची सूट २०२३ मध्ये १ लाख डॉलर झाली होती, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर १ लाख ४० हजार आहे.

त्यावर पीआयडी, म्हणजे पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टची आकारणी. रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी यांच्यासाठी शहराने रोखे काढून पैसा उभा करायचा आणि त्याची फेड प्लॉटच्या डोक्यावर बसवायची, असा प्रकार. आम्हाला वर्षाला दीड हजाराच्या घरात पडतो आणि होमस्टेडची सूट त्याला लागत नाही. याची नोटीस करार करण्याआधी द्यावी लागते. आम्हालाही दिली होती, खाली माझीच सही आहे.

आता माती. गेल्या ऑगस्टमध्ये आई-बाबा परभणीहून आले होते. पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास असायचा. बाबा सकाळी घराभोवती चक्कर मारायचे. एक दिवस मला हाक मारून बोलावलं. पायाच्या कडेने जमीन सुटली होती, भेग एवढी की त्यांनी हातातली काडी वीतभर आत घातली. चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली आणि म्हणाले, “अरे, ही तर काळी आहे. काळीत घर बांधतं का कुणी? गाव पांढरीवर बसवायचं असतं.”

मला हसू आलं, मग वाचायला बसलो. डॅलसच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, आणि ही माती आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीच्याच जातकुळीतली. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून इथे पोस्ट-टेन्शन स्लॅब घालतात: काँक्रीटमधून केबल ओढून ताणलेल्या असतात, जेणेकरून माती हलली तरी स्लॅब एकसंध राहील. आमच्या गॅरेजच्या फरशीवर तसा शिक्का आहे, ‘कापू नका, ड्रिल करू नका’. वर्षभर त्याच्यावर गाडी लावत होतो, कधी नीट वाचला नव्हता. आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलं होतं की पायाभोवतीचा ओलावा सारखा ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. स्ट्रक्चरची दहा वर्षांची वॉरंटी हवी असेल तर पाणी आपण घालायचं.

मग पायापासून दीड फुटावर सोकर होज (पाणी झिरपवणारा पाइप) टाकला. भेगेत पाणी ओतायचं नाही, हळूहळू मुरवायचं. पॅन्ट्रीचं दार ऑगस्टमध्ये चौकटीला घासत होतं, ऑक्टोबरच्या पावसानंतर आपोआप नीट लागायला लागलं. दाराच्या कोपऱ्यावरचा केसाएवढा तडा तेवढा राहिलाय. त्याचा फोटो तारखेसकट दर महिन्याला काढून ठेवतो. अकराव्या महिन्याच्या इन्स्पेक्शनमध्ये फाउंडेशनची पातळी मोजून घेतली होती, ती पहिली नोंद म्हणून फार उपयोगी पडते. हे इन्स्पेक्शन चुकवू नका, कारण कारागिरीची वॉरंटी एकच वर्ष असते.

बाकी किरकोळ. हायवे ३८० वर संध्याकाळी गाडी रांगते. मागे अजून बांधकाम चालू आहे, टायरात दोनदा खिळे गेले. शेजार छान आहे, गणपतीला आरती पाच घरांत ऐकू येते.

पुन्हा घेईन का? हो, पण पीआयडी नसलेला प्लॉट शोधून आणि उन्हाळ्यात एकदा जमीन बघून. सध्या प्रश्न वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीचा आहे. ती बाकीच्या खोल्यांपेक्षा पाच-सहा अंशांनी गरम असते, आणि परवा माळ्यावर चढून बघितलं तर तो ‘दुरुस्त केलेला’ डक्ट जसाच्या तसा चेपलेला. एसीची दोन वर्षांची वॉरंटी या ऑगस्टला संपते, त्याआधी फोटो पाठवून ठेवलेत.