अ‍ॅरिस्टन ऑर्गनेट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लाइपझिगला राहायला आल्यापासून, याच शहरात जन्मलेले अ‍ॅरिस्टन हे हँडल फिरवून वाजवायचे वाद्य चालू स्थितीत मिळावे, अशी माझी फार इच्छा होती. पाउल एर्लिख यांच्या गोहलिस येथील कारखान्यात तयार झालेले हे हातयंत्र गेले नऊ महिने माझ्या घरी आहे आणि मी ते जवळपास रोज वाजवतो.

हे २४ सुरांचे वाद्य १८८० च्या दशकात बाजारात आले. काळ्या लाकडी पेटीवर ३३ सेंटिमीटर व्यासाची, खाचा पाडलेली पुठ्ठ्याची तबकडी बसते. हँडल फिरवले की पोटातले भाते हलतात आणि तबकडीही फिरू लागते. खाच आली की तिथली झडप उघडून त्या सुराची रीड, म्हणजे हवेने थरथरणारी धातूची पट्टी, वाजते. ही रीड आपल्या बाजाच्या पेटीतल्या (हार्मोनियममधल्या) रीडच्याच जातीची असल्यामुळे पहिल्याच दिवशी आवाज ओळखीचा वाटला.

हँडल काय, कोणीही फिरवील, असे पाहुण्यांना वाटते; मला ते पटत नाही. बाजाच्या पेटीवर डावा हात भात्यावर आणि उजवा स्वरांवर असतो, त्यामुळे एखादा स्वर ठसवायचा तर भाता किंचित दाबता येतो. इथे हवा आणि लय दोन्ही एकाच हातात आहेत, म्हणून जोर द्यायला जावे तर चाल पळते आणि हात सैल सोडावा तर बरेच सूर एकत्र येतात तिथे आवाज बसतो. हात संथ आणि एकसारखा फिरायला मला दोन महिने लागले.

वाद्य ‘दुरुस्त केलेले’ म्हणून विकले गेले होते, पण भात्याच्या कापडावर आधुनिक गोंदाची ठिगळे निघाली. ती काढून सगळे पुन्हा सरसाने चिकटवावे लागले, कारण सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो आणि पुढच्या दुरुस्तीत लाकूड फाटत नाही. दोन रीड सुरात उतरल्या होत्या. त्या टोकाकडे अगदी हलकेच खरवडून चढवल्या. विकत घेताना संथ गतीने, भरगच्च सुरांची तबकडी लावूनच ऐकावे. गळका भाता तिथे लपत नाही.

खरी उणीव लांबीची आहे. तबकडीच्या एका फेरीत धून संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शिवाय सगळे कोमल-तीव्र स्वर यात नाहीत आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर शक्यच नाही. तरीही भूप रागातले पाच शुद्ध स्वर मिळतात, म्हणून एका भूपाळीची तबकडी मी स्वतः कापली. पहिल्या दोन वाया गेल्या, कारण शेजारच्या खाचांमधला पुठ्ठा फारच अरुंद राहून फाटला. तिसरी मात्र टिकली आहे. आता सकाळी चहाच्या आधी तीच वाजते.