भाजलेल्या भाज्यांच्या सॅलडसाठी चार लिटरचा एअर फ्रायर

दुकानात सर्वांत जास्त दिसणारा एअर फ्रायर म्हणजे १४०० वॅटचा, ओढून काढायच्या चार लिटरच्या बास्केटचा. इथे तो एकाच कामावर पारखला आहे: सॅलडसाठी भाज्या भाजणं. या कामाला तो फार चांगला आहे, पण खोक्यावरचा आकडा बघून भरलात तर हमखास फसाल.

‘चार लिटर’ हे बास्केटचं माप. एका थरात भाज्या मावतात ३५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे तिघांपुरत्या. त्याहून जास्त कोंबल्या की खालची वाफ वरच्या फोडींना लागते आणि कडा तांबूस होण्याऐवजी सगळं उकडल्यासारखं गिळगिळीत होतं. फोडीच्या अंगावरचं पाणी उडेपर्यंत ती १०० अंशांच्या वर तापतच नाही, आणि खरपूसपणा यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणून धुतलेल्या भाज्या फडक्यानं कोरड्या करा, ४०० ग्रॅमला एक मोठा चमचा तेल चोळा आणि मीठ अगदी भाजायला टाकताना लावा. आधी लावून ठेवलं तर पाणी सुटतं.

मशीनचं तयार ‘व्हेजिटेबल’ बटण विसरा. सगळ्या भाज्यांना एकच वेळ लावून चालत नाही. बीटच्या दोन सेंटिमीटरच्या फोडींना १८० अंशांवर २५ मिनिटं लागतात. गाजर आणि लाल भोपळ्याला २०० अंशांवर १५, फ्लॉवरच्या तुऱ्यांना १२, ढोबळी मिरचीला ८. बीट वेगळं भाजा. बाकीच्यांत गाजर-भोपळा आधी, तीन मिनिटांनी फ्लॉवर, आणखी चार मिनिटांनी मिरची. दर वेळी बास्केट बाहेर काढून नीट हलवा. पंखा वरून हवा मारतो, त्यामुळे वरची बाजू आधी करपते.

ड्रेसिंगला बाटलीतल्या मेयोनीजची काही गरज नाही, आपली फेसलेली मोहरी त्याहून सरस आहे. एक छोटा चमचा मोहरीची पूड दोन चमचे गार पाण्यात पांढुरकी होईपर्यंत फेसा आणि दहा मिनिटं ठेवा. झणका या वेळातच येतो. गरम पाणी वापरलं किंवा लिंबू आधीच पिळलं तर मोहरी चढत नाही, नुसती कडवट लागते. मग एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा गूळ, मीठ, आणि फेटता फेटता तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, अगदी बारीक धारेनं. मोहरीच तेल-पाणी धरून ठेवते. तरीही फाटलं, तर दुसऱ्या वाटीत चमचाभर फेसलेली मोहरी घेऊन त्यात फाटलेलं थेंबथेंब घालत फेटा, जुळून येतं.

निम्मं ड्रेसिंग भाज्या कोमट असतानाच घाला, तेव्हा त्या ते शोषून घेतात. भाज्या ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पानांत मिसळा, नाहीतर पानं मिनिटभरात मलूल पडतात. लेट्यूसच हवं असं नाही. घोळाण्याला घेतो तशी कोवळी मेथी, काकडी आणि वरून भरडलेले शेंगदाणे, हे भाजक्या भोपळ्याच्या गोडव्याला छान सांभाळून घेतं. उरलेलं ड्रेसिंग अगदी वाढताना.

आता उणिवा. कढीपत्ता किंवा सुटी पानं बास्केटमध्ये टाकली तर पंख्यानं उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळका वास येतो. बास्केटच्या मापाचा कागद तळाला अंथरला तर भोकं बुजतात, हवा खेळत नाही. आतला नॉनस्टिक थर स्टीलच्या चिमट्यानं आणि तारेच्या घासणीनं लवकर जातो. लाकडी चमचा वापरा, बास्केट कोमट पाण्यात भिजवून मऊ स्पंजनं धुवा.

वीज २० मिनिटांना अर्ध्या युनिटच्या आतच, आणि तापायला तीन मिनिटं पुरतात. दोघा-तिघांच्या घरानं बिनदिक्कत घ्यावा. पाच-सहा माणसं असतील तर दोन-तीन घाण्यांत पहिल्या भाज्या मऊ पडतात. तिथे मोठ्या ट्रेचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) च बरा.