पायांचा क्लास: प्रॅक्टिकल पिस्तूलवाल्यांनी मूव्हमेंटची शिकवणी लावावी का?

आधी निकाल सांगतो, कारणं मग. प्रॅक्टिकल पिस्तूल, म्हणजे जागा बदलत, घड्याळ लावून टार्गेट मारायचा खेळ, खेळताय, ट्रिगर बऱ्यापैकी हातात आलाय, अल्फा (टार्गेटच्या मधल्या, पाच गुणांच्या भागातल्या गोळ्या) पडतायत, पण स्टेजचा, म्हणजे मॅचमधल्या एका फेरीचा, टाइम काही केल्या खाली येत नाही, अशी अवस्था असेल तर मूव्हमेंटचा दोन दिवसांचा क्लास डोळे झाकून करा. नवीन पिस्तूल, नवीन डॉट (पिस्तुलावरची ठिपक्याची साईट), हलका ट्रिगर हे सगळं नंतर. आणि अजून उभ्या उभ्या सात मीटरवर ग्रुप (गोळ्यांचा झुपका) फाटत असेल तर मात्र थांबा, आधी तो आवळा, कारण या क्लासमध्ये नेम कोणी शिकवत नाही.

क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये, अशा शिकवण्या हल्ली बऱ्याच जण घेतात, आणि एका माणसाची जाहिरात करण्यापेक्षा असा क्लास कसा असावा आणि त्यात काय मिळतं हे सांगणं जास्त कामाचं वाटतं. शिकवणाऱ्यांना नुसतं सर म्हणतो.

सरांनी पहिल्या तासाला पिस्तुलाला हात लावू दिला नाही, फळ्यावर गणित मांडलं. हिट फॅक्टर म्हणजे गुण भागिले वेळ हे सगळ्यांना पाठ असतं पण ते स्वतःच्या स्टेजला लावून कोणी बघत नाही. समजा 32 गोळ्यांचा लाँग कोर्स, म्हणजे मोठी स्टेज, आहे, 16 कागदी टार्गेट, प्रत्येकावर दोन, सगळे अल्फा म्हणजे 160 गुण, आणि वेळ 20 सेकंद. हिट फॅक्टर 8. आता यात सहा पोझिशन, म्हणजे मारायच्या जागा, असतील तर पाच वेळा जागा बदलायची, आणि दर वेळी नुसता पाव सेकंद वाचवला तर सव्वा सेकंद वाचतो, टाइम 18.75 आणि हिट फॅक्टर 8.53. हाच सव्वा सेकंद बोटाच्या वेगातून काढायचा तर 16 टार्गेटवरचा प्रत्येक स्प्लिट (एका टार्गेटवरच्या दोन गोळ्यांमधला वेळ) 0.08 ने कमी करायला लागेल, म्हणजे 0.25 मारणाऱ्याला थेट 0.17 वर यायला लागेल, आणि त्या नादात चार्ली (अल्फाच्या बाहेरच्या, कमी गुणांच्या भागातली गोळी) सुटणारच. मायनरमध्ये (कमी ताकदीच्या गोळ्यांच्या गुणपद्धतीत) एक चार्ली म्हणजे दोन गुण गेले, 8 च्या हिट फॅक्टरला दोन गुण म्हणजे पुन्हा पाव सेकंदच. मग बोट पळवून कमावलं काय? पाय सुधारले तर एकही अल्फा न गमावता तेवढाच वेळ मिळतो. हे गणित डोक्यात बसलं की पुढचा सगळा क्लास आपोआप समजतो, आणि माझ्या मते कोणत्याही मूव्हमेंट क्लासची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

त्यानंतर टायमर, म्हणजे आवाजावरून प्रत्येक गोळीची वेळ नोंदणारं यंत्र. सगळ्यांकडे असतो, पण आपण वापरतो तो ड्रॉ (पिस्तूल होल्स्टरमधून काढायचा वेळ) आणि एकूण वेळ बघायला. सरांनी एकच आकडा बघायला लावला, एका पोझिशनमधली शेवटची गोळी ते पुढच्या पोझिशनमधली पहिली गोळी. जमिनीवर पट्ट्या चिकटवून दोन चौकोन, मध्ये पाचेक मीटर, प्रत्येक चौकोनातून दोन टार्गेट. बास, दिवसभर एवढंच. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण याच ड्रिलमध्ये सगळं उघडं पडतं, कारण टायमरच्या त्या एका आकड्यात निघणं, पळणं, थांबणं आणि साईट सापडणं असे चार तुकडे असतात आणि नेमका कुठला तुकडा जड आहे ते व्हिडिओशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येकाचा फोन ट्रायपॉडवर लावून चित्रीकरण. साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओतही एक फ्रेम म्हणजे साधारण 0.03 सेकंद, त्यामुळे फ्रेम मोजत गेलं की निघायला किती लागले आणि थांबायला किती, हे चक्क हिशोबासारखं लिहून काढता येतं.

आमच्या बॅचमध्ये एक उंच, तगडा गडी होता, पळायला सगळ्यात वेगवान. त्याचा आकडा 2.9 यायचा आणि त्याच्यापेक्षा हळू पळणाऱ्या एका ताईंचा 2.4. व्हिडिओ लावला तेव्हा दिसलं काय, तर शेवटची गोळी सुटल्यावर हा आधी पिस्तूल खाली घ्यायचा, मग टार्गेटकडे एकदा बघायचा, मग ज्या दिशेला जायचं त्याच्या उलट्या पायावर एक छोटं पाऊल टाकायचा आणि मग निघायचा. पोचल्यावर दोन्ही पाय धाडकन रोवायचा, डॉट वर उडायचा, तो खाली येईपर्यंत वाट बघायची. ताई काय करत होत्या, तर शेवटच्या टार्गेटवर दुसरी गोळी मारतानाच त्यांचं वजन जायच्या बाजूला कललेलं, आणि पुढच्या चौकोनात पाय पडायच्या आधी दोन पावलं पिस्तूल डोळ्यासमोर. पळण्याचा वेग इथे फारसा कामाचाच नाही, स्टेजमध्ये सलग पाच-सात मीटरच्या वर पळायची वेळ क्वचित येते, तेवढ्यात कोणाचाच पूर्ण वेग लागत नाही. सुटणं आणि ब्रेक मारणं, खेळ या दोनातच आहे.

निघण्याबद्दल सरांनी जे शिकवलं ते मला सगळ्यात जास्त पटलं. स्टॉप यायच्या आधीच सीट सोडून दारापाशी येऊन उभा राहणारा माणूस आणि बस थांबल्यावर उठणारा माणूस यात जो फरक आहे तोच. गुडघे आधीपासून वाकलेले, पाय खांद्यापेक्षा जरा जास्त फाकलेले, आणि डावीकडे जायचं असेल तर उजव्या पायाने जमीन ढकलायची, जागच्या जागी पाऊल जुळवायचं नाही. पण नुसतं शरीर कलवून चालत नाही, टार्गेटचा क्रम पण तसाच लावायला लागतो. पोझिशन सोडताना शेवटचं टार्गेट सोपं ठेवायचं, जवळचं, उघडं, म्हणजे वजन सरकवत सरकवत त्यावर दोन अल्फा टाकता येतात. लांबचं किंवा नो-शूटने (ज्यावर मारायचं नाही अशा टार्गेटने) अर्धं झाकलेलं टार्गेट शेवटी ठेवलं तर त्याच्यासाठी घट्ट उभं राहायला लागणार आणि मग निघणं शून्यापासून. येतानाही तेच, पहिलं टार्गेट असं निवडायचं की जे लवकर दिसतं आणि पाय पूर्ण थांबायच्या आधी मारता येतं. त्यामुळे मूव्हमेंटचा अर्धा भाग वॉकथ्रूमध्येच (मारण्याआधी स्टेज फिरून बघताना) ठरतो, हे मला आधी कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

थांबण्याचा सराव बिनपिस्तुलाचा होता, नुसते हात जोडून धरायचे आणि पळत येऊन चौकोनात शिरायचं. सर पाठ करून उभे राहायचे आणि नुसतं ऐकायचे. धप्प आवाज आला की "परत". पाय अलगद पडला, कंबर आधीच खाली आलेली असली की आवाज जवळजवळ येतच नाही, आणि आवाज नाही म्हणजे हादरा नाही, हादरा नाही म्हणजे डॉट जागेवर. शेवटची दोन-तीन पावलं आखूड, डोकं एका उंचीवर, आणि नजर पायाकडे किंवा पट्टीकडे न जाता टार्गेट जिथे दिसणार त्या नेमक्या ठिकाणी. पिस्तूल तिथेच वर येतं जिथे नजर आहे. हा तासभराचा भाग इतका साधा आणि इतका परिणामकारक होता की आता मॅचमध्ये दुसऱ्यांच्या पायांचे आवाज पण मला ऐकू येतात.

स्टान्सबद्दल, म्हणजे उभं राहायच्या पद्धतीबद्दल, थोडं बोलणं झालं, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉब लेदम आणि ब्रायन एनोस या अमेरिकन नेमबाजांनी आयसॉसेलीस पद्धतीने (टार्गेटसमोर सरळ उभं राहून) मॅच जिंकायला सुरुवात केली आणि तिरकं उभं राहायची वीव्हर पद्धत या खेळातून मागे पडत गेली. सरांचं म्हणणं असं की याचा फायदा रिकॉइलइतकाच पायांना झाला, छाती टार्गेटसमोर सरळ असली की कंबर दोन्ही बाजूंना सारखीच वळते, तिरकं उभं राहिलं की एका बाजूला लगेच अडकते. दोन्ही पद्धतीने उभं राहून कंबर वळवून बघा, लगेच कळतं.

सुरक्षेबाबतीत पूर्ण मार्क. आधी बिनपिस्तूल, मग तपासलेलं रिकामं पिस्तूल, आणि तिसऱ्या टप्प्यातच गोळ्या. पळताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि ते नुसतं बाहेर असून चालत नाही, बाहेर आहे हे दिसलं पाहिजे असा आग्रह. मझल (नळीचं तोंड) 180 च्या रेषेपलीकडे, म्हणजे नेमबाजाच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या काल्पनिक आडव्या रेषेच्या मागे, गेली की मॅचमध्ये डीक्यू (मॅचमधून बाद) हे सगळ्यांना माहीत असतं पण ती नेमकी कधी जाते हे सरांनी करून दाखवलं: उजव्या हाताचा नेमबाज उजवीकडून डावीकडे पळताना रिलोड करतो (मॅगझिन बदलतो) तेव्हा. शरीर डावीकडे वळलेलं, मॅगझिनसाठी पिस्तूल फिरवलं की मझल आणखी डावीकडे, आणि रेषा ओलांडली जाते. उपाय असा की पाय डावीकडे पळू देत, पण पिस्तूल धरलेला हात बॅकस्टॉपकडेच (टार्गेटमागच्या, गोळ्या अडवणाऱ्या बांधाकडे) राहिला पाहिजे, कोपर छातीसमोर, आणि मॅगझिन वेल (मॅगझिन घालायचं तोंड) जागेवर येऊन मॅगझिनची वाट बघतंय.

आता तक्रारी, कारण त्या आहेतच.

रिलोडचा हा भाग एवढ्यावरच संपला. करून दाखवलं, प्रत्येकाने थोडं थोडं केलं आणि पुढे गेलो. पळता पळता रिलोड हा आम्हा प्रॉडक्शनवाल्यांसाठी (साध्या, फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांचा गट) अर्धा खेळ आहे, मॅगझिनमध्ये गोळ्याच कमी, जवळजवळ प्रत्येक लांब पळण्यात रिलोड येतो. ओपनवाल्यांचं (हवे ते बदल केलेल्या पिस्तुलांचा गट) मोठ्या मॅगझिनवर निभावतं, आमचं नाही. या भागाला वेळ जास्त हवा होता आणि हे मी फीडबॅकमध्ये पण लिहिलंय.

दुसरं, सगळी प्रात्यक्षिकं उजव्या हाताची. बॅचमध्ये एक डावखुरा मुलगा होता, त्याच्यासाठी 180 चा धोका बरोब्बर उलट बाजूला, डावीकडून उजवीकडे जाताना, आणि त्याला हे विचारून घ्यावं लागलं. विचारल्यावर सरांनी नीट समजावलं हे खरं, पण अशी गोष्ट शिकणाऱ्याने विचारायची वाट बघू नये. डीक्यू होऊन घरी जायचा प्रश्न असतो, आणि त्याहून मोठा बाजूला उभ्या असलेल्या माणसांचा.

तिसरं, माणसं जास्त आणि टायमर कमी. स्वतःची पाळी येईपर्यंत बराच वेळ उभं राहायला लागायचं, आणि हे ड्रिल असं आहे की चूक कळल्याबरोबर लगेच पुन्हा केलं तरच अंगात मुरतं. आम्ही मग आपापसात जोड्या करून बाजूला बिनपिस्तुलाचा सराव सुरू केला, ती व्यवस्था मुळात क्लासनेच करायला हवी होती.

चालता चालता मारणं, म्हणजे न थांबता टार्गेट घेत जाणं, यावर दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. टाच ते चवडा असं पाऊल घरंगळवत टाकायचं, गुडघ्यांनी हादरे प्यायचे, वरचं शरीर शांत. शिकवलं चांगलं, पण त्याहून मोलाचं म्हणजे कधी करू नये ते सांगितलं. जवळच्या उघड्या टार्गेटवर करा, लांबच्या आणि झाकलेल्यावर थांबूनच मारा, कारण तिथे एक मिस म्हणजे 10 गुण दंड, वर त्या गोळीचे पाच गुण गेले ते वेगळे. दिसायला भारी दिसतं म्हणून चालत मारणाऱ्यांसाठी हा हिशोब फार गरजेचा आहे.

गोळ्या फार लागत नाहीत हा मोठा फायदा, निम्म्याहून जास्त काम कोरडंच, म्हणजे गोळीशिवाय, होतं. बूट मात्र चांगले घ्या, खडबडीत तळव्याचे ट्रेल रनिंगवाले, गुळगुळीत सोलवर ब्रेक लागत नाही आणि मग तंत्र शिकूनही पाय घसरतो. क्लास सपाट कोरड्या जमिनीवर झाला, मॅच खडीवर आणि चिखलातही होतात, तेव्हा घरी सराव करताना वेगवेगळ्या जमिनीवर करून बघा, बिनपिस्तूल करायला कुठेही हरकत नाही. पिस्तूल हातात घेऊन ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा सराव) करणार असाल तर त्या खोलीत एकही जिवंत गोळी नको, मॅगझिनमधली सुद्धा.

असा क्लास निवडताना दोन प्रश्न विचारा: एका टायमरमागे किती जण, आणि व्हिडिओ फ्रेम मोजून दाखवणार का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मी तरी जाणार नाही, पायांचं नुसतं बोलून कळत नाही, दिसावं लागतं. माझा स्वतःचा तोच आकडा, शेवटची गोळी ते पहिली गोळी, क्लासनंतर स्पष्ट कमी झालाय, आणि टिकलाय, कारण घरी पट्ट्या चिकटवून सराव चालू ठेवलाय. पुढच्या बॅचला रिलोडला अर्धा दिवस देणार असं सर म्हणालेत. तसं झालं तर मी पुन्हा नाव घालणार.