उन्हात खरा, सावलीत खोटा: जुन्या वेस्टन लाइट मीटरच्या खरेदीत झालेली फसवणूक

फिल्मवर फोटो काढण्यासाठी जुना लाइट मीटर (उजेड मोजून छिद्र आणि शटर किती ठेवायचे ते सांगणारे यंत्र) घेण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हे वाचावे. या व्यवहारात माझे १२,९५० रुपये गेले. ते नवखेपणामुळे गेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण "नीट बघून घ्यायचे ना" हे वाक्य आता मला ऐकवत नाही.

माझ्याकडे मामांचा जुना रोलिकॉर्ड कॅमेरा आहे आणि त्यात मीटर नाही. सेलेनियमच्या मीटरमधला सेल उजेडातूनच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही, म्हणून मी १९६०च्या दशकातला वेस्टन मास्टर ५ शोधत होतो. जाहिरात जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर होती. अ‍ॅपबाहेर, थेट यूपीआयने पैसे दिल्यास किंमत कमी करतो, असे विक्रेता म्हणाला. मीटरचे ८,२००, इन्व्हरकोनचे (विषयावर पडणारा उजेड मोजायला सेलवर बसवायच्या प्लास्टिकच्या पांढऱ्या टोपीचे) १,३०० आणि कुरिअरचे २५० असे ९,७५० रुपये मी पाठवले. अ‍ॅपबाहेर पैसे देऊ नयेत हे मलाही ठाऊक आहे, पण जुन्या कॅमेऱ्यांचे निम्मे व्यवहार असेच ओळखीपाळखीवर चालतात आणि याच्याबद्दल दोघांनी चांगले सांगितले होते.

पैसे देण्याआधी मी व्हिडिओ मागितला होता आणि त्याने तो तत्काळ पाठवला. गच्चीतले लख्ख ऊन, हातात मीटर, काटा झपकन वर गेलेला, डायल फिरवल्यावर आयएसओ ४०० वेगाच्या फिल्मला एफ १६ छिद्र आणि १/५०० सेकंद शटर. भर उन्हात एफ १६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतके, हा नियम फिल्म वापरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो, त्यामुळे माझे समाधान झाले. त्या व्हिडिओत काय नव्हते, हे आता मला रात्री आठवते. त्याने सेलवर एकदाही हात ठेवला नाही. मागची छिद्रांची झडप एकदाही उघडली नाही. वेस्टनमध्ये उजेड कमी असला की ही झडप उघडतात आणि काट्यामागची पट्टी बदलते. म्हणजे मीटरचा अर्धा भाग मला दाखवलाच गेला नव्हता, आणि एवढा वेळ तो व्हिडिओ पाहूनही माझी नजर काट्यावरच खिळलेली होती.

पार्सल उघडल्यावर इन्व्हरकोन मीटरवर बसेना, कारण तो आधीच्या मॉडेलचा होता. विक्रेत्याने लगेच माफी मागितली, दुसरा पाठवतो म्हणाला आणि आज-उद्या करत राहिला. मला आता खात्री वाटते की तो इन्व्हरकोन मुद्दाम चुकीचा पाठवला होता. मी त्या प्लास्टिकच्या तुकड्यावरून भांडत राहिलो आणि काट्याकडे लक्ष गेलेच नाही. शिवाय पहिला रोल मी मेणवलीच्या घाटावर दुपारच्या उन्हात मारला होता आणि तो सुरेख आला. मीटर चांगला असल्याचा याहून मोठा पुरावा कोणी मागितला असता?

पुढचे दोन रोल वाईतल्या आजोळच्या वाड्यात, माजघरात आणि ओसरीवर मारले. निगेटिव्ह जवळजवळ कोरी आली. जिथे मीटरने एफ ५.६ला १/६० सांगितले होते, तिथे मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपनुसार १/८ हवे होते, म्हणजे सरळ तीन स्टॉपचा, आठपट उजेडाचा फरक. दोन रोलचे १,७०० आणि धुणे-स्कॅनिंगचे १,००० रुपये वाया गेले ते एक वेळ सोडून देईन. पण तो वाडा आता पाडला आहे.

दुरुस्ती करणाऱ्याने ५०० रुपये घेऊन जे दाखवले ते असे. मीटरच्या पाठीवर काटा शून्यावर आणण्याचा स्क्रू असतो. बाकी सगळ्या मीटरवर साठ वर्षांचा मळ होता आणि त्या स्क्रूच्या खाचेत मात्र ताजे, चकचकीत ओरखडे होते. सेल दमलेला होता. दमलेला सेल काटा खाली ठेवतो, म्हणून कोणीतरी स्क्रू पिळून काटा मुळातच वर चढवून ठेवला होता. भर उन्हात त्यामुळे आकडा जुळतो. उजेड कमी झाला की तोच चढवलेला काटा नसलेला उजेड दाखवतो. आपण सगळे मीटरची जी परीक्षा उन्हात घेतो, नेमक्या त्याच परीक्षेसाठी तो जुळवलेला होता. सेलवर तळहात घट्ट दाबा. काटा शून्यावर आला नाही तर एक रुपयाही देऊ नका.

बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत. अ‍ॅपवाल्यांनी व्यवहार बाहेर झाल्याचे कळवून तक्रार बंद केली. पोलीस ठाण्यात तर "वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे" असे ऐकवण्यात आले. भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८चा उल्लेख केल्यावर साहेबांनी माझ्याकडेच संशयाने पाहिले. साठ वर्षांची वस्तू बिघडणारच, असे म्हणून त्यांनी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचे प्रमाणपत्र मागितले! इंग्लंडमधल्या एनफील्डला बनलेल्या आणि कधीच बंद झालेल्या मीटरचे सेवा केंद्र मी कुठून आणू? स्क्रूचे ओरखडे दाखवायला मी भिंग नेले होते, ते पिशवीतून बाहेरही काढता आले नाही. अर्ज मात्र ठेवून घेतला, पोच न देता. पोच मिळाल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

व्हिडिओ मागाल तेव्हा ट्यूबलाइटखालचा, झडप उघडून केलेला मागा. "सेलेनियम आहे, कधीच बिघडत नाही" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. सेलेनियमचा सेल दमटपणाने मरतो आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा असतो. गॉसेन लुनासिक्स ३ हा बॅटरीवरचा जुना मीटर घेणाऱ्यांना "फक्त बॅटरी टाका" असे सांगतात, पण त्याच्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत आणि साध्या १.५ व्होल्टच्या अल्कलाइनवर आकडे चुकतात.

माझा विक्रेता वेगळ्या नावाने पुन्हा मीटर विकत आहे. व्हिडिओत तीच गच्ची आणि तेच ऊन आहे. मित्राच्या क्रमांकावरून मी त्याला सेलवर हात ठेवून दाखवायला सांगितले, तेव्हा त्याने तो क्रमांक ब्लॉक केला. ग्राहक आयोगाकडे मी तक्रार तयार करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. त्याच्याकडून ज्यांनी मीटर घेतला असेल, त्यांनी पैसे पाठवल्याची पावती आणि तो व्हिडिओ पुसून टाकू नये, आणि पाठीवरचा स्क्रू आजच भिंगाखाली पाहावा.