चौदा गाड्या आणि ताम्हिणी घाट : एका कार क्लबच्या सहलीचे परीक्षण

पुण्यातील एका कार क्लबने ऑगस्टच्या अखेरीस पुणे ते दिवेआगर अशी दोन दिवसांची सहल आयोजित केली होती आणि तीत आम्ही पती-पत्नी आमची सहा वर्षांची जुनी हॅचबॅक घेऊन सहभागी झालो होतो. प्रत्येक गाडीमागे १,८०० रुपये शुल्क होते. त्यात नाश्ता, काचेवर चिकटवायचा क्रमांक आणि वॉकीटॉकीचे भाडे धरलेले होते, मुक्काम ज्याचा त्याने करायचा होता. दिवेआगरला स्वतःच्या गाडीने कोणीही जाऊ शकतो, त्यामुळे हे पैसे आपण खरे तर ताफा सुरक्षित चालवण्याच्या व्यवस्थेसाठी देतो, असे मी मानतो आणि त्याच व्यवस्थेविषयी येथे लिहीत आहे. क्लबचे नाव मुद्दाम दिलेले नाही. त्याचे कारण परतीच्या प्रवासात आहे.

सकाळी सहा वाजता चांदणी चौकाजवळच्या पेट्रोल पंपावर सगळे जमल्यानंतर दोन स्वयंसेवकांनी प्रत्येक गाडीचे टायर, स्टेपनीतील हवा, वायपर आणि ब्रेकचे दिवे तपासले. एका गाडीचा मागचा उजवा दिवा लागत नव्हता, तेव्हा तिला बल्ब बदलल्याशिवाय निघू दिले नाही, आणि सगळ्यांचा अर्धा तास गेला तरी कोणी कुरकुर केली नाही. त्यानंतर आयोजकांनी सुमारे वीस मिनिटे सूचना दिल्या. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांनी साध्या हिशेबाने पटवली : ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते, म्हणून तीन सेकंदांचे अंतर ठेवायचे तर दोन गाड्यांमध्ये ५० मीटर मोकळे हवेत, आणि या हिशेबाने चौदा गाड्यांची रांग जवळजवळ ७०० मीटर लांब होते. एवढी लांब रांग कोणत्याही वाहनाला एका दमात ओलांडता येत नाही आणि घाटात ती एका नजरेत मावतही नाही. म्हणून पाच, पाच आणि चार अशा तीन तुकड्या करून त्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडल्या. प्रत्येक तुकडीत सर्वांत पुढे ‘लीड’ आणि सर्वांत शेवटी ‘स्वीप’, अशा रस्ता ठाऊक असलेल्या दोन गाड्या होत्या.

पुढच्या गाडीचा पाठलाग करू नका, मागची गाडी आरशात दिसते आहे ना एवढेच पाहा, अशी दुसरी सूचना होती. वळणाच्या फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे आणि ती दिसली की निघायचे. प्रत्येकाने एवढे केले तर नकाशा न पाहताही शेवटची गाडी चुकत नाही. मुळशीच्या पुढे मोबाइलची रेंज जाते, तेव्हा या नियमाची किंमत कळली. तिसरी सूचना लीडसाठी होती, आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. गतिरोधक ओलांडून लीड लगेच ६० च्या वेगाला गेली, तर त्या क्षणी पाचवी गाडी गतिरोधकाच्या अलीकडेच असते आणि मागे पडलेले अंतर भरून काढण्यासाठी तिला ७५-८० ने पळावे लागते. म्हणजे सर्वांत जपून चालवणारा म्हणून मागे ठेवलेला माणूसच सर्वांत वेगात जातो. पौडमधून बाहेर पडल्यावर आमची लीड स्वीपचा ‘सगळे आलो’ हा निरोप येईपर्यंत ४० वरच राहिली, तेव्हा या क्लबवर माझा विश्वास बसला.

चालत्या गाडीत हॅझर्ड लाइट लावायला सक्त मनाई होती. पावसात आणि धुक्यात चारही दिवे लुकलुकत ठेवून जाण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, परंतु बहुतेक गाड्यांत ते चालू असताना वळण्याचा इशारा देता येत नाही आणि मागच्याला आपण थांबलो आहोत की चाललो आहोत, हे कळत नाही. ताम्हिणी गावाच्या पुढे वीस पावलांवरचे दिसेना इतके धुके उतरले, तेव्हा डिपर (खाली झुकवलेला हेडलाइटचा झोत) आणि मागचे फॉग लॅम्प पुरेसे ठरले. विळ्याकडे उतरताना लीडने गिअर उतरवण्याची आठवण दोनदा करून दिली आणि घाट चढणाऱ्या गाड्यांना आधी वाट देण्यासाठी अरुंद ठिकाणी आमची अख्खी तुकडी थांबवली. निव्यात चहाला थांबलो असताना एक वडापवाला, म्हणजे प्रवासी जीपचा चालक, म्हणाला, “तुमच्यासारखे मधी जागा सोडून चालले तर आमाला पुढं तरी जाता येतं, न्हाईतर दर शनिवारी इथं वरात असती.” क्लबला यापेक्षा चांगले प्रमाणपत्र मिळणार नाही.

वॉकीटॉकी अर्ध्या वॅटचे, म्हणजे परवाना न लागणाऱ्या ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले होते. बाजारात मिळणारे जास्त ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, त्यामुळे ही निवड योग्यच म्हणावी लागेल. मधे डोंगर आला की आवाज तुटतो, पण एका तुकडीपुरते ते पुरतात. संच नेहमी शेजारी बसलेल्याच्या हातात असावा, अशी अट होती. एकट्याने आलेल्या चालकांनी फक्त ऐकायचे.

दिवेआगरचा मुक्काम उत्तम झाला. उकडीच्या मोदकांविषयी लिहिण्याचा मोह आवरतो.

परतीच्या दिवशी मात्र ही सगळी शिस्त माणगावपर्यंतसुद्धा टिकली नाही. आमची लीड नातेवाइकांकडे मागे राहिली आणि तिच्या जागी, कोणी न नेमताच, एक ताकदवान डिझेल एसयूव्ही पुढे लागली. घाट चढताना पुढे मालाने भरलेला टेम्पो होता. एसयूव्हीने तो ओलांडला आणि वॉकीटॉकीवर आवाज आला, “रस्ता मोकळा आहे, या.” दुसरी गेली, तिसरी गेली, आणि चौथा असलेला मी अर्धी गाडी बाहेर काढली तोच वळणावरून एसटी समोर आली. टेम्पोच्या मागे अंतर सोडलेले होते, म्हणून ब्रेक दाबून परत आत येता आले. चूक माझीही होती, हे मान्य करतो, कारण १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन एसी चालू असताना चढावर तसे पळत नाही, हे मला माहीत होते. परंतु पहिल्या गाडीला दिसलेला मोकळा रस्ता चौथ्या गाडीची पाळी येईपर्यंत मोकळा राहत नाही, हे आदल्या दिवशीच्या वीस मिनिटांत एकदाही सांगितले गेले नव्हते, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

त्याच रात्री आयोजकांना फोन केला. त्यांनी वाद न घालता ऐकून घेतले. पुढच्या सहलीच्या सूचनापत्रात आता दोन नवी वाक्ये आहेत : परतीसाठीही लीड आणि स्वीप आधी ठरवले जातील, आणि ‘मोकळा आहे’ असे कोणी बोलणार नाही, समोरून काय येत आहे तेवढेच सांगायचे, ओलांडायचे की नाही ते ज्याचे त्याने पाहून ठरवायचे.

जाण्याच्या प्रवासाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, परतीच्या प्रवासाला दीड. नाव नोंदवण्यापूर्वी परतीची लीड कोण आहे, हे अवश्य विचारावे. वॉकीटॉकीची १,००० रुपयांची अनामत तिसऱ्या दिवशी न मागता परत मिळाली.