मोटरसायकलच्या हँडलवर फोन की वेगळा जीपीएस?

आमच्या वणी-चंद्रपूर भागात कुणी हा प्रश्न काढला की मी आधी विचारतो, जायचं कुठं असतं? हायवेनं नागपूर गाठून परत यायचं असेल तर फोन लावा, बाकी डोक्याला ताप नको. माझं काम शेतातल्या मोटरपंपांचं. पत्ता मिळतो तो असा: "रपटा ओलांडला का डाव्या हाताले पांदन लागते भाऊ, मोहाच्या झाडापाशी बंडी उभी दिसन." अशा कामाला मी फोन आणि रस्ता दाखवणारं वेगळं जीपीएस यंत्र, दोन्ही वापरली आहेत.

फोनच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. वेगळा खर्च नाही, नकाशा ताजा, आणि गूगलचा दुचाकी मोड तर २०१७ पासून आहे. रेंज गेली की फोन आंधळा होतो असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. उपग्रहाच्या सिग्नलला सिम लागत नाही, दोघांनाही तो सारखाच मिळतो. सेमाडोहकडं किंवा भामरागडच्या बाजूला निघण्याआधी नकाशा उतरवून ठेवला की झालं. पांदण रस्ते बहुतेक दोन्हींच्या नकाशात नसतातच. एकदा जाऊन आलेला माग आणि विहिरीची खूण साठवून ठेवणं, हाच उपाय. ते यंत्रात होतं तसं फोनच्या ॲपमध्येही होतं.

उन्हाचा मुद्दा मात्र आपल्याकडं सोडून चालत नाही. ॲपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तापलेला फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंगही थांबवतो. शिवाय इंजिनाच्या जोरदार थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा त्याच कंपनीनं २०२१ मध्ये दिला होता. हे सगळं सांभाळून घेता येतं. सावलीत थांबा, थरथर शोषणारा रबरी डॅम्पर असलेला होल्डर घ्या.

माझं मन उठलं ते पिनेवरून. कोळशाच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता लागला की चार्जिंगची पिन फोनच्या भोकात हलायला लागते. चालू, बंद, चालू, बंद. दर वेळी स्क्रीनवर ते विजेचं चिन्ह उगवतं आणि मावळतं. त्यात कोळशाची बारीक भुकटी शिरली की पिन पूर्ण बसतच नाही. रबराची फीत लावून, पिन दाबून, कशीतरी टेकवून पाहिली. दुपार होईतो बॅटरी तळाला, आणि नेमका तेव्हाच शेतकऱ्याला फोन करायचा असतो. महाग केबलनंही थोडाच फरक पडला, निदान माझ्या गाडीवर तरी.

मोटरसायकलसाठीच बनवलेल्या यंत्रात वीज येते ती हँडलवर पक्क्या बसवलेल्या क्रेडलमध्ये, म्हणजे यंत्र अडकवायच्या साच्यात. यंत्र त्यातल्या स्प्रिंगच्या कॉन्टॅक्टवर दाबून बसतं, म्हणजे थरथरीत हलणारी पिनच नाही. कॉन्टॅक्टवर धूळ धरते हे खरं. अधूनमधून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुसले की भागतं.

अर्थात वायरिंग कच्चं असेल तर यंत्रही रडतं. मागची वीज तुटली की माझं यंत्र स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू करतं आणि लक्ष दिलं नाही तर बंद होतं. म्हणून हॉर्नच्या वायरीला पीळ देऊन टेप गुंडाळणाऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका. आपल्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप घसरते आणि जोड उघडा पडतो. बॅटरीवरून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मधे रिले (विजेवर चालणारा स्विच), आणि रिले चालू होईल किल्लीच्या लाईनवर. नाहीतर गाडी उभी असतानाही बॅटरी थोडी थोडी उतरत राहते. जोड क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी. वायर बांधताना हँडल आधी डावीकडं, मग उजवीकडं पार टोकापर्यंत वळवून पाहा, दोन्हीकडं ढील राहिली तरच झिपटाय आवळा. वायर तुटते ती बहुतेक तिथंच, टाकीच्या पुढच्या वळणावर.

किमतीत यंत्र हरतं, त्यात वाद नाही. नवं घ्यायचं म्हटलं तर घरात बोलणी बसतील. महिन्याकाठी एखादी लांब चक्कर असणाऱ्याला मी फोन आणि खिशात पॉवरबँक हेच सुचवीन. पण रोज रानात जाणाऱ्यानं, माझ्या मते, जुनं का होईना यंत्र शोधावं. जुनं घेताना स्क्रीनवरचे ओरखडे बघत बसू नका. क्रेडल सोबत मिळतंय ना, त्याचे कॉन्टॅक्ट हिरवे पडलेत का आणि आतली बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय का, एवढं बघा. क्रेडल नाही म्हणाला तर कितीही स्वस्त देत असला तरी घेऊ नका.