म्युनिकचं घर आणि माझे २,७८,१८६ रुपये

आकडा शीर्षकातच लिहिलाय, कारण आई-बाबांना तो सांगायला मला दोन महिने लागले. न पाहिलेल्या घराचं पहिलं भाडं आणि डिपॉझिट, पुण्यात बसून भरलेलं.

मला मूर्ख म्हणण्याआधी परिस्थिती ऐका. १ ऑक्टोबर २०२५ ला जॉयनिंग, सोबत बायको आणि पाच वर्षांची मुलगी. दोन महिन्यांत ८३ घरांना अर्ज केले, उत्तरं आली सहा, आणि सहाही जण म्हणाले, प्रत्यक्ष बघायला या. पुण्यातून कसा जाणार? हॉटेलात उतरावं तर नेमका ऑक्टोबरफेस्टचा काळ, साध्या खोलीचे दरही अंगावर येणारे. पत्ता नाही तर आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) नाही, ते नाही तर टॅक्स आयडी नाही. तिथे राहणाऱ्यांना ही साखळी वेगळी सांगायला नको.

अशात म्युनिकच्या श्वाबिंग भागात ५४ चौरस मीटरचं, फर्निचरसकट घर ८९० युरो वॉर्म रेंटला, म्हणजे हीटिंग वगैरे खर्चासकट भाड्याला, दिसलं. त्या भागात एवढं घर तेराशे-चौदाशेच्या खाली मिळत नव्हतं, हे मला माहीत होतं. माझ्याच एक्सेल शीटमध्ये लिहिलेलं होतं! पण मालकिणीने लिहिलं, ‘मला जास्त पैसे नकोत, घर नीट ठेवणारं कुटुंब हवं.’ पुण्यातही घरमालक असंच बोलतात की. पुढचं सगळं ठरलेलं: ती नोकरीसाठी स्पेनला, किल्ली कुरिअरने, पैसे एका मोठ्या बुकिंग साइटच्या ‘सुरक्षित’ खात्यात, पसंत नसेल तर पाच दिवसांत परत. साइटचं पान हुबेहूब होतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. बायको स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून बघत होती आणि तिने विचारलं, ‘अहो, आपल्या मिक्सरची पिन इथे बसेल का?’ मी फोटो पाहिला. ओट्यावर चौकोनी पट्टी, तीन आयताकृती भोकं, शेजारी बटण. ब्रिटिश सॉकेट. जर्मनीत गोल, आत गेलेलं, दोन पिनांचं सॉकेट असतं, आणि हे मला ठाऊक होतं, कारण त्याच आठवड्यात मी तसे तीन अ‍ॅडॉप्टर मागवले होते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. तरी मी म्हणालो, ‘अ‍ॅडॉप्टर लावू.’ तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं आणि मी ते बाजूला केलं. घर मिळालंय, आता खोट काढू नकोस, एवढंच डोक्यात होतं. फोटो बघताना सोफा बघू नका. सॉकेट, खिडकीची मूठ, बाहेरच्या गाडीची नंबरप्लेट बघा.

२ सप्टेंबर, गौरी विसर्जनाचा दिवस. ८९० भाडं, १,७८० डिपॉझिट, एकूण २,६७० युरो. दर १०३.४० चा लागला, म्हणजे २,७६,०७८ रुपये, वर बँकेचं शुल्क आणि जीएसटी १,५१८. खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ‘ईएस’ने सुरू होत होता. जर्मन खात्याचा ‘डीई’ने होतो. बाई स्पेनमध्ये, म्हणून खातं स्पेनचं, असं मीच मला समजावलं. पण पैसे तर साइटच्या खात्यात जाणार होते ना? मग तिच्या देशाचं खातं कशाला?

शुक्रवारी किल्लीच्या ‘विम्याचे’ आणखी ६०० युरो मागितले, तेव्हा पोटात गोळा आला. तिथला एक होणारा सहकारी शनिवारी त्या पत्त्यावर जाऊन आला. तिकडे घंटीवर फ्लॅट नंबर नाही, आडनाव असतं. तिचं आडनाव एकाही घंटीवर नव्हतं. हे काम त्याने वीस मिनिटांत केलं. पैसे भरण्याआधी सांगितलं असतं तरी वीसच मिनिटं लागली असती. ओळखीचं कुणी नसेल तर तिथल्या मराठी मंडळींना विचारा, पण लाजू नका. मी लाजलो.

शनिवार म्हणजे अनंत चतुर्दशी. पोलीस बंदोबस्तावर, हे मी समजू शकतो. पण मंगळवारी? ठाण्यात म्हणाले, ‘खातं परदेशातलं, गुन्हा तिकडचा, तिकडे जाऊन तक्रार करा.’ अहो, मी फसलो पुण्यात, पैसे गेले पुण्यातून! हद्दीचा वाद असला तरी झीरो एफआयआर घ्यावा लागतो, हे मी सांगितलं, तर ‘तुम्ही वकील आहात का?’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण परदेशी खातं गोठवता येणार नाही म्हणाले. बँकेने स्विफ्ट रिकॉलचे, म्हणजे परदेशी पाठवलेले पैसे परत मागवण्याचे, ५९० रुपये घेतले आणि १९ दिवसांनी कळवलं की समोरच्या बँकेकडून नकार आला. म्हणजे चोराची संमती नाही म्हणून पैसे परत नाहीत! म्युनिकला पोहोचल्यावर चौकीत गेलो, तर पहिला प्रश्न: ‘तुम्ही तेव्हा भारतात होता, मग तिथे का नाही दिली तक्रार?’ माझ्या बी१ जर्मनमध्ये दीड तास झगडलो, तेव्हा कुठे तक्रार घेतली. फेब्रुवारीत सरकारी वकिलाचं पत्र आलं: आरोपी सापडत नाही, तपास थांबवला. दोन परिच्छेद, खाली शिक्का.

तिथला कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, तो आधी वाचा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटपेक्षा (इतर खर्च सोडून नुसत्या भाड्यापेक्षा) जास्त मागता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. किल्लीआधी सगळं मागणारा मालक नकोच. खरा मालक पगारपत्रक, शुफा (तिथला क्रेडिट रिपोर्ट) असं काहीबाही मागून जीव खातो. हिने फक्त पासपोर्ट आणि ऑफर लेटर मागितलं, आणि मी दोन्ही पाठवलं. कुठलंही चिन्ह न टाकता. कुणालाही पासपोर्टची प्रत द्याल तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख.

तिनेही मला स्वतःचा म्हणून एक इटालियन पासपोर्ट पाठवला होता. तो बघून तर माझा विश्वास बसला होता.

मार्चमध्ये मला एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. माझं नाव शोधत ती माझ्यापर्यंत पोहोचली होती. सोबत माझ्याच पासपोर्टचा फोटो, आणि प्रश्न: ‘सर, श्वाबिंगचं घर तुमचंच आहे ना?’ मी लगेच फोन केला. तिचे १,१५० युरो आदल्या दिवशी गेले होते.